कार्ड नसलेला फोन

तोंडवलीकडचा रस्ता धरला की ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्राने किनाऱ्याला लावलेली प्रेतं नातेवाईक येईपर्यंत राखली. त्यातलं बरंचसं विसरलो. पण ज्या प्रकरणात कोणाला साधं खरचटलंही नाही आणि अखेर गुन्हाही दाखल झाला नाही, ते मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी माझा एका पोराच्या पोटावर पाय पडणार होता, तो थोडक्यात चुकला. चुकवणारा मी नव्हतो. ज्यांनी चुकवला त्यांचे उपकार मानायचे राहून गेले आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

नावं कोणाचीच देणार नाही. गावाचंही देणार नाही. पुढे समुद्र, मागे माडांच्या बागा, मध्ये चिऱ्यांची घरं, एवढं पुरे. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मी मूळचा घाटावरचा. 'सायब घाटावरचो, पण म्हावरा खाता', म्हणजे मासे खातो, एवढ्या एका गुणावर त्या लोकांनी मला पदरात घेतलं होतं. काम म्हणाल तर पाण्यात नको तितके पुढे गेलेले पर्यटक, जाळी फाडल्याच्या तक्रारी, आणि बांधावरून भावाभावांची भांडणं. भांडणं सकाळी व्हायची आणि संध्याकाळी दोघे भाऊ एकाच गाडीवरून घरी जायचे.

एप्रिल महिना होता. सकाळची हजेरी घेऊन मी केबिनमध्ये बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एका बाईचा आवाज चढलेला ऐकू आला.

अंमलदार समजावत होता, "अहो बाई, फोनवर विचारलं जातं ना, जोडायचं का? नाही म्हणायचं आणि सोडून द्यायचं. यात पोलिसांनी काय करायचं?"

"मी रोज नाही म्हणते आहे," ती बाई म्हणाली. "नाही म्हटल्यावरही जो परत परत विचारत राहतो, त्याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात?"

मी मनात म्हटलं, वा! आणि उठून बाहेर आलो.

बाई म्हणजे पंचविशीतली प्राथमिक शिक्षिका. सोलापूरकडची. वर्षभरापूर्वी गावातल्या शाळेवर नेमणूक झालेली, आणि एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला केबिनमध्ये बसवलं आणि आमच्या महिला हवालदारांना बोलावलं. ही हवालदार बाई त्याच तालुक्यातली, माणसं ओळखण्यात पक्की. ठाण्यात नवीन मशीन आलं की सगळे तिच्याकडे धावत, कारण ती आपल्या मुलीकडून सगळं शिकून घ्यायची आणि विचारायला लाजायची नाही.

शिक्षिकेने फोन पुढे केला. पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. 'दर्याराणी' नावाच्या कुठल्यातरी उपकरणाला तिच्या फोनशी जोडून घ्यायचं होतं. हो की नाही, एवढाच प्रश्न. तिच्या फोनचं ब्लूटूथ कायम चालू असायचं. वर्गात पोरांना कविता ऐकवायला ती एक स्पीकर वापरायची, म्हणून. मग तिने शाळेची टाचण वही उघडली. मागच्या पानांवर तारखा आणि वेळा मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या होत्या. दुपारी दोन वाजून दहा. अडीच. पावणेतीन. एकेका दिवशी चार-चार वेळा.

मला ब्लूटूथमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बिनतारी म्हटलं की मला आमचा वॉकीटॉकीच आठवायचा. मी सरळ विचारलं, "हवालदार बाई, हे काय असतं ते मला चौथीच्या पोराला सांगावं तसं सांगा."

"सर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडून कोणी 'येऊ काय?' म्हणून हाक मारावी ना, तसं," ती म्हणाली. "आपण 'ये' म्हणेपर्यंत त्याचं पाऊल आत पडत नाही. पण हाक ऐकू यायला माणूस गडग्याजवळच असावा लागतो."

"किती जवळ?"

"दहा-बारा पावलं. मध्ये चिऱ्याची भिंत असली तर त्याहून कमी."

शिक्षिका खाली बघून म्हणाली, "मला ते माहीत आहे, सर. म्हणूनच झोप लागत नाही. तो रोज दुपारी माझ्या खोलीपासून दहा पावलांवर असतो आणि मला दिसत नाही."

एप्रिलच्या उकाड्यात ही पोरगी खिडकी लावून, पडद्याला पिना मारून बसत होती. मागच्या दारी कपडे वाळत घालायचं तिने सोडलं होतं. बदलीचा अर्ज लिहून पिशवीत ठेवला होता, तोही दाखवला. मी अंमलदाराकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने स्टेशन डायरी पुढे ओढली आणि नोंद घेतली. तोवर माझं काम चोख होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. शिक्षिकेच्या घरमालकिणीने वाडीत कुठेतरी तोंड उघडलं होतं.

"सायबानू," पाटील हळू आवाजात म्हणाले, "दर्याराणी ह्या आमच्याच वाडीतल्या होडयेचा नाव. बापूस वारलो तेवापासून होडी माडाखाली पालथी पडलेली आसा. झिल तेचो हयच आसा. जहाजार जावच्या तयारीत. मी काय म्हणनंय नाय हां. पण तुमी इचारलास म्हणान सांगलंय."

मी काहीही विचारलं नव्हतं.

फोन ठेवला आणि टेबलावरच्या फायली चाळल्या. त्या झिलाची, म्हणजे होडीवाल्याच्या मुलाचीच फाईल चौथी-पाचवी निघाली. चारित्र्य पडताळणीचा अर्ज. मालवाहू जहाजावर नोकरी लागली होती, सोमवारी मुंबईत हजर व्हायचं होतं, आणि पोलिसांचा दाखला नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती. माझ्या अहवालावर सारं अडलं होतं. तो दिवस गुरुवार होता.

आयता सापडलेला आरोपी पोलिसाचं डोकं फिरवतो. चौकशी करताना आपण प्रश्न विचारत नसतो, आपल्याला हवी ती उत्तरं गोळा करत असतो. मीही तेच केलं. घरमालकिणीला विचारलं तर ती म्हणाली, पोरगा बाईंकडे दोनदा मासे घेऊन आला होता, एकदा पंखा बसवायला आला होता. झालं! माझं चित्र पूर्ण. पोराला बोलावून घेतलं. त्याची आईही मागोमाग आली. अंमलदाराने तिला सांगितलं, "तुमचं काम नाही, बाहेर थांबा." ती फाटकाजवळच्या भेंडीच्या झाडाखाली उभी राहिली.

पोरगा पंचवीस-सव्वीसचा. उन्हाने रापलेला, दांडगा. पण खुर्चीच्या कडेवर असा बसला होता की खुर्ची त्याची नव्हेच.

"फोन किती तुझ्याकडे?"

"एकच, सायब."

फोन दाखवला. त्याचं नाव वेगळंच होतं, ब्लूटूथ बंद.

"दर्याराणी कोण?"

"आमची होडी. बाबांची."

"फोनला ते नाव ठेवलं होतंस?"

तो थांबला. हे असं थांबणं आम्ही बरोबर हेरतो. मग म्हणाला, "ठेवललंय. पयल्या फोनाक."

"आत्ता तर म्हणालास एकच फोन!"

"त्येका कार्ड नाय, सायब. तो फोन कसलो?"

"कुठे आहे तो?"

"म्हायत नाय. घरातच पडललो. आता दिसणा नाय."

मी टेबलावर हात आपटला. मोठ्याने काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या बायकोने वाचलं तर माझा चहा बंद होईल. पहिल्यांदा एक फोन, मग दोन, मग दुसरा हरवलेला. यापेक्षा ढळढळीत खोटं काय असतं? असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, अरे गाढवा, तूही तेच करत होतास की. तक्रार येताच मी पहिला हुकूम काय दिला होता? 'नंबर काढा, कॉलचा तपशील मागवा.' हवालदार बाईने सांगितलं होतं की यात नंबरच नसतो, सर. पण आम्हा पोलिसांना फोन म्हणजे नंबर, आणि गावाला फोन म्हणजे कार्ड. कार्ड काढलेला फोन आमच्या किनाऱ्यावर कोणी फोनात धरत नाही. पोरगा खोटं बोललाच नव्हता. त्याच्या घरात एकच फोन होता.

हवालदार बाई सकाळीच गावात जाऊन आली होती. तिने दोन फोन घेऊन पावलं मोजली होती. शिक्षिकेच्या खोलीत एक ठेवायचा आणि दुसरा घेऊन चालत सुटायचं.

ती म्हणाली, "सर, विहिरीपर्यंत दिसतं, पुढे नाही. ह्याचं घर विहिरीच्या पलीकडे, मध्ये तीन घरं आहेत. घरात बसून हे होणार नाही."

"पाय नाहीत काय त्याला? चालत येऊन गडग्याआड उभा राहत असेल."

"राहत असेल," ती म्हणाली. "पण आणखी एक आहे, सर. वहीतली पहिली नोंद बघा. सकाळची शाळा ज्या दिवशी सुरू झाली, त्याच दिवसाची आहे. त्याआधी एकही नाही. बाई दुपारी घरी असायला लागल्या आणि हे सुरू झालं."

"बरोबर आहे! बाई घरी असते तेव्हाच तो येतो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि 'बरं सर' म्हणाली. हाताखालच्या शहाण्या माणसाचं 'बरं सर' कधी हलक्यात घेऊ नये. त्याचा अर्थ 'तुम्ही चुकताय' असा असतो, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

दुपार झाली. पोराला मी समोरच बसवून ठेवला होता. कबूल कर, समज देऊन सोडतो, असं दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "न केल्ला कबूल कसा करू, सायब?" आवाज चढवला नाही, रडला नाही. एकदाच म्हणाला, "सोमवारी जावक व्हया होता." तेही जणू स्वतःशीच.

मी त्याची फाईल ओढली. खिशातलं पेन काढलं, टोपण काढून पेनाच्या मागे लावलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागलो : 'सदर अर्जदाराविरुद्ध महिलेचा पाठलाग केल्याबाबत तक्रार प्राप्त झाली असून...' पुढे 'गुन्हा दाखल करण्याची तजवीज ठेवली आहे' एवढंच लिहायचं होतं. मग जहाज गेलं. हे जहाज, आणि पुढचीही सगळी, कारण असला शेरा माणसाच्या मागे जन्मभर चालतो.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. शिक्षिका होती.

"सर, आत्ता आली. दर्याराणी. दोन वाजून वीस मिनिटांनी."

मी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"सर, तो मुलगा कुठे आहे?"

"माझ्या समोर बसलाय. सकाळपासून."

पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती, बहुतेक त्याच पोराने बसवलेल्या. मग ती म्हणाली, "मग तो नाही, सर. गावातल्या लोकांनी नाव घेतलं आणि माझाही विश्वास बसला. माझी चूक झाली. त्याला सोडा."

जरा विचार करा. ही परगावची एकटी पोरगी. तीन आठवडे झोपलेली नाही. कोणीतरी सापडलं, आता हे थांबेल, असा दिलासा तिला पहिल्यांदाच मिळाला होता. फोन न करता गप्प बसली असती तर तिला कोण विचारणार होतं? वहीत ती वेळ लिहिली नसती तर मला कळलं असतं? भीती तशीच ठेवून तिने फोन केला. चौकशी मी करत होतो आणि खरं ती शोधत होती. नोकरीत मला पदकं देणारे भेटले, पण असं सांभाळून घेणारं माणूस क्वचित भेटलं.

मी पेनाला टोपण लावलं.

जीप काढली. पोरगा मागे बसला, हवालदार बाई बसली, आणि फाटकातून निघताना ती म्हणाली, "सर, ह्याच्या आवशीक पण घेवया. सकाळपासून उन्हात उभी आसा." घाईत ती माझ्याशीही मालवणीत बोलली. आईला घेतलं. रस्त्यात हवालदार बाईने तिला सहज विचारलं, "काकी, ह्याचो जुनो फोन खंय गेलो गो?"

"तो काय?" आई म्हणाली. "तो मी आबांका दिलंय. शिमग्याच्या अगोदर. तेच्यात कार्ड नाय, नुसतो डबो. आबा बिचारे दिसभर एकटेच बसतत, भजना तरी आयकतले म्हणान."

मी मागे वळून ओरडलो, "अहो, मग सकाळपासून सांगितलं का नाही?"

ती बाई माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. पाटलांना विचारलं, घरमालकिणीला विचारलं, पोराला तर दहादा विचारलं. जी बाई त्या घरातली प्रत्येक वस्तू झाडते, पुसते, कोणाला द्यायची ते ठरवते, तिला आम्ही भेंडीच्या झाडाखाली उभं केलं होतं. उभ्या आयुष्यात कोणी अशी थोबाडीत दिली नव्हती.

आबा म्हणजे शिक्षिकेच्या खोलीला लागून असलेल्या घरातले म्हातारे. ऐंशीच्या पुढचे. मध्ये फक्त कमरेएवढा गडगा. एके काळी रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे मुख्य, पन्नास माणसं त्यांच्या हाकेवर दोर ओढायची. भजनात पखवाज वाजवायचे. आता कान जवळजवळ गेले होते, बायको गेली होती, मुलगी लग्न होऊन वेंगुर्ल्याला होती. आम्ही पोचलो तेव्हा ते मागच्या दारी उन्हात गडग्याला खुर्ची टेकवून बसले होते. मांडीवर तो जुना फोन, पडवीतल्या खुंटीला टांगलेला छोटा स्पीकर. डोळे मिटून नव्हे, चांगले उघडे ठेवून बसले होते, आणि मधूनमधून फोनवर अंगठा दाबत होते.

हवालदार बाईने कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आबा, काय करतास?"

"अगो, दुपारचो ह्यो डबो चलणा नाय," आबा वैतागून म्हणाले. "सकाळी बरो चलता. उन्हान तापता आसतलो."

"चालू कसो करतास, दाखवा बघू."

"चेडवान सांगल्यान तसो. वरसून दुसरा नाव दाबूचा."

त्यांनी दुसरं नाव दाबलं. गडग्यापलीकडे शिक्षिका दारात उभी होती. तिच्या हातातला फोन वाजला.

आबांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. मुलीने शिकवलं तेव्हा यादीत वरून दुसरं नाव त्यांच्या स्पीकरचं होतं. शिक्षिका सकाळी शाळेत असायची, तेव्हा ते तसंच असायचं आणि डबलबारीचं, दोन बुवांच्या चढाओढीचं, भजन झकास वाजायचं. दुपारी ती घरी आली की तिच्या फोनचं नाव मध्ये घुसायचं आणि स्पीकर तिसऱ्या जागी जायचा. आबा बिचारे दुसरं नाव दाबत राहायचे, पुन्हा पुन्हा, उन्हाला शिव्या घालत. वहीतलं सगळं कोडं एवढंच होतं.

नाही, एवढंच नव्हतं. मी विचारलं, "आबा, गडग्याला एवढे चिकटून का बसता? पडवीत सावली आहे की."

म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. कान गेलेल्या माणसाचा खाली आणलेला आवाज, सगळ्या वाडीला ऐकू गेला.

"बाईंका कोणतरी तरास देता म्हणतत. दुपारचो येता. चेडू एकटाच, परगावचा. म्हणान मी हय बसतंय, राखणेक. अजून कोण गावूक नाय."

शिक्षिका येऊन गडग्यावर बसली. वहीत दुसऱ्या आठवड्यापासून नोंदी वाढत गेल्या होत्या, त्याचं कारण हे होतं. तिची भीती घरमालकिणीच्या तोंडून आबांच्या कानावर गेली आणि ते खुर्ची घेऊन तिच्या राखणीला आणखी जवळ सरकले, फोनसकट.

हवालदार बाईने त्यांना सगळं समजावलं. आधी पटेना. मग पटलं तेव्हा त्यांनी फोन असा खाली ठेवला जसा तो विंचू आहे. हात जोडून म्हणाले, "बायो, तुका भियवणारो तो मीच गो? माका आयकाक येना नाय, वाचूक येना नाय. चूक झाली गो बायो."

"आबा, असं काय करता!" ती म्हणाली. एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "माझ्यासाठी कोण रोज उन्हात बसलंय, हे मला माहीतच नव्हतं."

मग त्या मास्तरीणबाईने काय केलं ठाऊक आहे? पदर खोचला, गडगा ओलांडून पलीकडे गेली, जमिनीवर काडीने एक अक्षर काढलं आणि ऐंशीच्या पुढच्या विद्यार्थ्याला म्हणाली, "आबा, हे बघा. उभी काठी आणि तिला दोन पोटं. हे ज्या नावाच्या सुरुवातीला दिसेल तेच दाबायचं. वरून दुसरं नाही, तिसरं नाही. दोन पोटं." आबांनी तीनदा गिरवलं. हवालदार बाईने शिक्षिकेचा फोन अनोळखी उपकरणांना दिसणारच नाही अशी व्यवस्था करून दिली. अर्ध्या तासाने स्पीकरमधला पखवाज वाडीत घुमायला लागला आणि आबांची मान डोलायला लागली.

पोरगा आणि त्याची आई गडग्याच्या कडेला उभी होती. शिक्षिका त्यांच्याकडे गेली. म्हणाली, "दादा, तुमचं नाव माझ्यामुळे घेतलं गेलं." पोरगा चुळबुळला. म्हणाला, "बाई, माका सांगल्यात आसतात तर मीच पयलो काठी घेवन बसलो आसतंय." त्या संध्याकाळीच मी नवीन कागदावर अहवाल लिहिला, सही केली, आणि माणूस देऊन फाईल ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत पाठवली. तक्रारीखाली लिहिलं, 'तक्रारदाराचे समाधान झाले.' माफी मागण्याचा रकाना आमच्या कागदात नसतो. मी पोराला एवढंच म्हणालो, "जा. पोचलास की आईला कळव." आजही ते मनाला टोचतं.

लोक मला विचारतात, फोनवर अशी विनंती आली तर काय करायचं? उत्तर साधं आहे. ओळखीचं नसेल तर नाही म्हणा, गरज नसेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवा, आणि तरीही येत राहिलं तर तारीख-वेळ लिहून ठाण्यात जा. अंमलदार हसला तर त्याच्या साहेबाला भेटा. त्या शिक्षिकेची तक्रार फालतू नव्हती. तिची भीती सोळा आणे खरी होती, चुकीचा होता तो आमचा आरोपी. भीती खरी असली म्हणजे समोर बसवलेला माणूस गुन्हेगार असतोच असं नाही, एवढं मला त्या वहीने शिकवलं. आणि दुसरं शिकवलं आईने. त्यानंतर उरलेल्या नोकरीत कुठल्याही घरी चौकशीला गेलो की मी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे जाऊन विचारायचो, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" हाताखालची पोरं हसायची. पण सापडायचं, बऱ्याचदा तिथेच सापडायचं.

मी निवृत्त झालो तेव्हा तो पोरगा तिसऱ्या फेरीवर होता. परत आल्यावर एके दिवशी आईला घेऊन माझ्या घरी आला. अंगाने भरला होता, बोलणं मोकळं झालं होतं. मी आधी आईला बसवलं, आधी तिला विचारलं, "कशा आहात?" ती हसली. तिच्या बरोबर लक्षात आलं. पिशवीतून सुके बांगडे काढून बायकोच्या हातात देत म्हणाली, "आता इचारल्यात. बरी आसंय."

चहा झाला. त्या दोघी आत गेल्या. मला राहवलं नाही. त्याला म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तुझ्या फाईलवर लिहायला सुरुवात केली होती. अर्धी ओळ झाली होती. तुला कळलं नसेल."

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"माका म्हायत आसा, सायब. तुमच्या हातात उघडा पेन होता. माका समोरसून दिसत होता. मी तेच्याकडेच बघित होतंय." मग मान वर करून म्हणाला, "मगे बाईंचो फोन इलो आणि तुमी टोपण लावलास."

मान हलवून मी म्हणालो, "टोपण मी नाही लावलं रे. बाईंनी लावलं."

"ता पण म्हायत आसा," तो म्हणाला. "म्हणान पयलो तेंका भेटलंय, आणि मगे हय इलंय."